चित्रफितीतील जनसागर आणि नगर जिल्ह्याची स्मृती

दरवर्षी ६ डिसेंबरच्या सुमारास ठिकठिकाणच्या विहारांतून एक जुनी कृष्णधवल चित्रफीत दाखविली जाते. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत राजगृहापासून दादर चौपाटीपर्यंत जी अंत्ययात्रा निघाली, तिची ती दृश्ये आहेत. उपासक-उपासिका ती हात जोडून पाहतात. सर्वांची दृष्टी साहजिकच बाबासाहेबांच्या पार्थिवाकडे लागलेली असते. परंतु पडद्याचा बहुतेक भाग ज्यांनी व्यापलेला आहे, ती माणसे वेगळी आहेत. ती रस्त्यावर, फुटपाथवर, जागा मिळेल तिथे उभी असलेली, रडणारी, धक्के खात पुढे सरकणारी लक्षावधी माणसे आहेत. त्यांना आपण 'जनसागर' म्हणतो आणि पुढे जातो.

प्रस्तुत लेखाचा विषय हा जनसागर आहे. त्यात मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत व रेल्वेत राबणारी नगर जिल्ह्याची माणसे होती, त्यांची आईबापे होती, हातातले काम टाकून आलेले तरुण होते. आज त्यांपैकी किती जणांची नावे आपल्याला सांगता येतील? चित्रफीत जपून ठेवली म्हणजे स्मृती जपली गेली, असा एक समज आपल्यात रूढ झाला आहे. तो अपुरा आहे. दृश्यातील स्थळ, काळ आणि माणसे ओळखणारा साक्षीदार हयात आहे तोवरच दृश्य पूर्णपणे बोलते. त्यानंतर ते नुसते चित्र उरते. १९५६ साली जी मुले-मुली पंधरा वर्षांची होती, त्यांचे वय आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. या कामाला उरलेला अवधी किती, हे यावरून ध्यानात यावे.

(जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर असे झाले. जुन्या घटनांच्या संदर्भात या लेखात तत्कालीन अहमदनगर अथवा रूढ 'नगर' हेच नाव वापरले आहे.)

राजगृहाची पद्धत

स्मृती कशी जतन करावी, हा प्रश्न बौद्धांना नवा नाही. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे पहिली धम्मसंगीती भरली. तिचा वृत्तांत विनयपिटकातील चुल्लवग्गात आला आहे. स्थविर महाकस्सपांनी उपालींना पहिल्या पाराजिक नियमाविषयी प्रश्न केले. तो नियम कोठे घालून दिला गेला, कोणामुळे, कोणत्या बाबतीत? उपालींनी वेसाली हे स्थळ सांगितले, सुदिन्न कलंदकपुत्त ही व्यक्ती सांगितली आणि प्रसंगही सांगितला. त्यानंतर आनंदांना ब्रह्मजालसुत्ताविषयी विचारण्यात आले. आनंदांनी राजगृह व नालंदा यांच्या दरम्यान अंबलट्ठिका येथील राजविश्रामगृहाचा निर्देश केला आणि सुप्पिय परिव्राजक व त्याचा शिष्य ब्रह्मदत्त यांची नावे घेतली. मगच पुढचे सुत्त विचारले गेले.

पाली परंपरेत स्थळ-प्रसंगाच्या अशा नोंदीला 'निदान' म्हणतात. आजच्या मराठीत हा शब्द वैद्याच्या संदर्भात अधिक वापरला जातो. मूळ अर्थ उगम, कारण, प्रसंग असा आहे. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. संगीतीत जमलेल्या भिक्षूंना वचने ठाऊक नव्हती, असे नाही. तरीही वचनाचा स्वीकार करण्यापूर्वी त्याचे निदान विचारले गेले, आणि ज्याने स्वतः ऐकले होते त्यालाच विचारले गेले. वचन एकाचे आणि स्मृती संघाची, या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे निदान होय.

पुढे सिंहलद्वीपात, वट्टगामणी राजाच्या काळी, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात त्रिपिटक लिहून काढण्यात आले. दुष्काळ आणि युद्ध यांमुळे मुखोद्गत परंपरा धारण करणारे भिक्षूच नाहीसे होतील, ही भीती त्यामागे होती, असे परंपरा सांगते. साक्षीदार संपण्यापूर्वी साधन बदलावे, हा निर्णय त्या संघाने घेतला.

आपल्या महाराष्ट्रातील लेणीही हेच सांगतात. जुन्नरच्या शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या, कासारांच्या, धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. नाशिकच्या लेण्यांत एका कोळ्याने कुटुंबासह दिलेल्या दानाची नोंद आहे. राजांची नावे सर्वत्रच कोरली जातात. बौद्ध लेण्यांचे वैशिष्ट्य असे की, श्रमिक उपासकाचे नावही त्याच दगडावर आले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्याचे नाव आपण वाचू शकतो, आणि सत्तर वर्षांपूर्वी चित्रफितीत आलेल्या आपल्याच आजीचे नाव आपल्याला सांगता येत नाही, ही विसंगती विचार करायला लावणारी आहे.

कॅमेरा कोणाच्या दाराशी गेला?

महाराष्ट्रात हलत्या चित्रांची परंपरा फार जुनी आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १९०१ साली केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजपे यांच्या स्वागताचे चित्रण केले. भारतीय माणसाने केलेल्या अगदी आरंभीच्या वार्ताचित्रणांत त्याची गणना होते. परदेशातून उच्च विद्या घेऊन आलेल्या तरुणाचे आगमन चित्रित करण्याजोगे आहे, ही जाण त्या काळीही होती. १९१७ साली बाबासाहेब कोलंबिया व लंडन येथील अध्ययन करून परतले. त्यांच्या वाट्याला बडोद्यात काय आले, ते सर्वज्ञात आहे. त्यांना राहण्यास जागाही मिळाली नाही. कोणाचे येणे-जाणे नोंदवावे हे समाज ठरवितो, आणि कॅमेरा त्या ठरावाच्या मागोमाग जातो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने प्रचारासाठी वार्तापटांची यंत्रणा उभारली आणि १९४६ साली ती बंदही झाली. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली. तिचे वार्तापट व अनुबोधपट देशभरच्या चित्रपटगृहांतून मुख्य चित्रपटापूर्वी दाखविले जात. धरणांची उद्‌घाटने, मंत्र्यांचे दौरे, पाहुण्या राष्ट्रप्रमुखांचे स्वागत यांना त्यांत मोठे स्थान होते. खेड्यातील महारवाड्यावर, मांगवाड्यावर तो प्रकाश क्वचितच पडला.

या पार्श्वभूमीवर नामदेवराव व्हटकर यांच्या कार्याचे मोल कळते. व्हटकर हे लेखक आणि चित्रपटकर्मी होते. बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चित्रण झालेच पाहिजे, हे त्यांनी ओळखले आणि कोणत्याही सरकारी यंत्रणेची वाट न पाहता, पदरमोड करून ते घडवून आणले. आज आपण जी दृश्ये पाहतो त्यांचे श्रेय प्रामुख्याने त्यांना आहे. त्या दिवशी दादर चौपाटीवर भदन्त आनंद कौसल्यायन यांच्या उपस्थितीत लाखाहून अधिक लोकांनी धम्मदीक्षा घेतली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात सुरू झालेले धम्मचक्र प्रवर्तन शोकाच्या क्षणीही थांबले नाही. अंत्ययात्रेची चित्रफीत म्हणूनच मृत्यूची नोंद असून धर्मांतराच्या इतिहासाचेही साधन आहे. व्हटकरांनी दृश्य मिळवून दिले. त्याचे निदान लिहिण्याचे काम पुढच्यांचे होते, आणि ते अद्याप पुष्कळ अंशी शिल्लक आहे.

किल्ला आणि हरेगाव

आता नगर जिल्ह्याकडे वळू. नगरचा आधुनिक इतिहास म्हटला की शाळकरी मुलगाही भुईकोट किल्ल्याचे नाव सांगतो. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य तेथे स्थानबद्ध झाले आणि पंडित नेहरूंनी तेथेच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ लिहिला. ही स्मृती राष्ट्राने जतन केली आहे, आणि ते योग्यच आहे.

परंतु त्याच्या तीन वर्षे आधी, १६ डिसेंबर १९३९ रोजी, याच जिल्ह्यात हरेगाव येथे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली महार, मांग, वेठिया वतनदारांची परिषद झाली. वतनाच्या जमिनींवरील जुडी, म्हणजे सरकारी आकार, वाढविण्यात आला होता. ज्या जमिनीच्या मोबदल्यात चोवीस तासांची सरकारी व गावकीची चाकरी करावी लागे, त्याच जमिनीवर वाढीव कर बसला. हा दुहेरी भार होता. त्याविरुद्ध हरेगावी आवाज उठला.

या परिषदेमागे दीर्घ लढ्याचा इतिहास होता. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे अहमदनगर दक्षिणमधून प्रभाकर जनार्दन रोहम निवडून आले, आणि जिल्ह्यातील अस्पृश्यांचा प्रतिनिधी कायदेमंडळात बसला. कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने नष्ट झाली ती १९५८ च्या अधिनियमानंतर. हरेगाव हा तीस वर्षांच्या या लढ्यातील मधला टप्पा आहे.

हरेगावची ही स्मृती आपल्यापर्यंत आली ती छापील अक्षरांतून आणि सांगणाऱ्यांच्या तोंडून. किल्ल्यातील स्थानबद्धांची नावे पाठ्यपुस्तकांत आहेत. हरेगावी कोणत्या गावची माणसे पायी आली, कोणी बैलगाडी जुंपली, भाकरी कोणी भाजल्या, त्यांची नावे मात्र त्या-त्या घरातल्या आठवणींतच राहिली. विशेषतः स्त्रियांची नावे. परिषदांचे अहवाल लिहिले गेले तेव्हा व्यासपीठावरील पुरुषांची यादी आली. समोर बसलेल्या बायांचा उल्लेख झाला तर 'महिलांची उपस्थिती लक्षणीय होती' एवढाच झाला.

जिल्ह्याच्या दलित जीवनाची एक बाजू मात्र शब्दांत अजरामर झाली आहे. अकोले तालुक्यातील धामणगाव हे दया पवार यांचे गाव. त्यांचे 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले आणि धामणगावचा महारवाडा व मुंबईतील कावाखाना मराठी वाचकांच्या मनात कायमचे वसले. एका माणसाने प्रामाणिकपणे लिहिले, तर कॅमेरा जिथे गेला नाही ते गावही इतिहासात येते, याचे ते उदाहरण आहे. हेच दया पवार पुढे डॉ. जब्बार पटेल यांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या चित्रपटाच्या पटकथालेखनात सहभागी झाले. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले; चित्रपट २००० साली प्रदर्शित झाला.

जुन्या दृश्यांतून नवा चित्रपट

विखुरलेली जुनी दृश्ये गोळा करून त्यांतून समाजाची स्मृती उभी करता येते, याची उदाहरणे आहेत. ए. के. चेट्टियार या तमिळ पत्रकाराने १९३७ च्या सुमारास हे काम हाती घेतले. देशोदेशी फिरून त्यांनी गांधीजींची जुनी दृश्ये मिळविली आणि १९४० मध्ये त्यांचा अनुबोधपट पूर्ण केला. गांधीजींविषयी आपले मतभेद आहेत आणि राहतील. येथे पाहावयाची ती कामाची पद्धत. त्या वेळी चेट्टियार तिशीही न ओलांडलेले होते आणि कोणतेही सरकार त्यांच्या पाठीशी नव्हते. मात्र या कथेचा उत्तरार्धही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. त्यांची मूळ तमिळ आवृत्ती पुढे बेपत्ता झाली, आणि बऱ्याच वर्षांनी अमेरिकेत एक संक्षिप्त इंग्रजी आवृत्ती हाती लागली. प्रत एकच असेल तर मोठे कामही नाहीसे होऊ शकते.

दुसरे उदाहरण आपल्या चळवळीतले आहे. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या 'हमारा शहर' या अनुबोधपटात शाहीर विलास घोगरे गाताना दिसतात. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या जमावावर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. त्यात दहा जण मृत्युमुखी पडले. चार दिवसांनी घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धन यांनी त्यानंतर चौदा वर्षे चित्रण करून २०११ मध्ये 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण केला, आणि जुन्या चित्रपटातील गाणारे घोगरे त्यात पुन्हा आले. १९८५ साली ते दृश्य म्हणजे मुंबईच्या झोपडपट्टीतील एका गायकाचे चित्रण होते. १९९७ नंतर त्याचा अर्थ पालटला. दृश्य तेच राहिले, परंतु त्याला निदान लाभले.

याच चित्रपटातून आणखी एक धडा मिळतो. जमाव गॅसचा टँकर पेटविण्याच्या बेतात होता म्हणून गोळीबार करावा लागला, असा पोलिसांचा दावा होता, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ चित्रण पुढे करण्यात आले. चित्रपटाने त्या दृश्यांची उलटतपासणी केली. गुंडेवार आयोगानेही गोळीबार असमर्थनीय ठरविला. तेव्हा कॅमेरा खोटे बोलत नाही, हे खरे धरून चालता येणार नाही. दृश्याचा कोणता तुकडा आधी ठेवला, कोणता नंतर, कोणता कापला, यावर त्याचे म्हणणे ठरते. त्यामुळे मूळ, अखंड, न कापलेले चित्रण जपणे हाच आपल्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा असतो.

तिसरी गोष्ट अभिनीत दृश्यांची. जब्बार पटेल यांच्या चित्रपटात मामुट्टी यांनी बाबासाहेबांची भूमिका केली आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट म्हणून त्याचे स्थान निर्विवाद आहे. परंतु त्यातील चवदार तळ्याचा किंवा दीक्षेचा प्रसंग मोबाईलवर सुटा फिरू लागला की तरुण मुले त्यालाच प्रत्यक्ष चित्रण समजू लागतात. आता तर संगणकाने घडविलेली, रंग भरलेली, ओठ हलविणारी चित्रे सर्रास फिरतात. भक्तीपोटी ती पुढे पाठविणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण याचा परिणाम असा होतो की उद्या खरे चित्रण पुढे आले, तरी विरोधक त्यालाही बनावट म्हणू शकेल. खरे आणि घडविलेले यांतील भेद सांगण्यास निदानाची नोंद हाच आधार उरतो.

दृश्य नसेल तेव्हा

हरेगावच्या परिषदेसारख्या प्रसंगांचे काय करावे, हा प्रश्न उरतो. याचे एक उत्तर कंबोडिया या बौद्ध देशातून आले आहे. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीत तेथे पंधरा लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, विहार उद्ध्वस्त झाले, भिक्षूंना चीवर उतरवावे लागले. चित्रपटही मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले. राजवटीने स्वतः केलेले प्रचारी चित्रण तेवढे उरले. त्या छळछावण्यांतून वाचलेले दिग्दर्शक रिथी पान्ह यांनी २०१३ च्या 'हरवलेले चित्र' या अर्थाच्या नावाच्या आपल्या चित्रपटात, जे दृश्य अस्तित्वातच नाही त्याच्या जागी मातीच्या लहान बाहुल्या मांडल्या. बाहुल्या या बाहुल्याच आहेत हे प्रेक्षकाला प्रत्येक क्षणी कळते. खोटे दृश्य घडवून ते खरे म्हणून दाखविण्याचा मोह त्यांनी टाळला, आणि राजवटीच्या प्रचारी दृश्यांशेजारी आपली साक्ष ठेवली. त्याआधी, २००६ मध्ये, नॉम पेन्ह येथे 'बोफाना' हे दृक्‌श्राव्य केंद्र त्यांच्या पुढाकाराने सुरू झाले. देशाविषयीची जुनी चित्रणे जगभरातून मिळवून तेथे सामान्य नागरिकांना पाहण्यास खुली ठेवली जातात.

हरेगावला हा मार्ग लागू पडतो. परिषदेचे भाषण छापील स्वरूपात आहे, त्या परिसराच्या जमिनी आहेत, आणि आई-वडिलांकडून ऐकलेले सांगणारी पिढी अजून आहे. ऐकलेले हे ऐकलेले म्हणूनच नोंदवावे. त्याला पाहिल्याचा आव आणू नये. आनंदांनीही जे ऐकले ते ऐकले म्हणूनच सांगितले, आणि म्हणूनच ते प्रमाण ठरले.

कोणती स्मृती?

या विवेचनात एक अप्रिय विषय टाळता येणार नाही. गेल्या काही वर्षांत नगर जिल्ह्याचे नाव देशभर ऐकू आले ते सोनई, खर्डा, जवखेडे येथील हत्याकांडांमुळे. खर्डा येथे २०१४ मध्ये एका शाळकरी दलित मुलाची हत्या झाली. खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. ऑगस्ट २०२३ मध्ये चोरीच्या संशयावरून दलित तरुणांना झाडाला उलटे टांगून मारहाण झाली, ती हरेगावातच. ती दृश्ये दूरचित्रवाणीवर आणि मोबाईलवर राज्यभर पाहिली गेली.

एकाच गावाच्या या दोन प्रतिमा आहेत. १९३९ साली ज्या गावी आपला समाज हक्क मागण्यासाठी ताठ उभा राहिला, त्या गावाची आजच्या मुलांना माहीत असलेली हलती प्रतिमा मात्र अपमानाची आहे. अत्याचाराचे चित्रण पुरावा म्हणून जपलेच पाहिजे. ते अखंड, तारखेसह, न्यायालयात टिकेल अशा रीतीने जपले पाहिजे. परंतु पुरावा जपणे वेगळे आणि तो वारंवार दाखवीत राहणे वेगळे. पीडिताचा चेहरा त्याच्या संमतीवाचून गावोगावच्या पडद्यांवर नेणे ही करुणा नव्हे. केवळ मार खाल्ल्याच्या चित्रांवर पोसलेली स्मृती मुलांच्या मनात भय किंवा सूड यांपैकी एक निर्माण करते. बाबासाहेबांनी धम्म दिला तो या दोहोंतून सोडविण्यासाठी. हरेगाव १९३९ हा प्रसंग मुलांपुढे ठेवणे म्हणूनच निकडीचे आहे. अत्याचार झाकण्याचा हेतू यात नाही. तो सोसणाऱ्या समाजाचा पूर्वेतिहास काय होता, हे मुलांना कळले पाहिजे.

काय करता येईल?

हे काम मोठ्या संस्थांनी करावे, असे म्हणून थांबणे सोपे आहे. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. २०२२ मध्ये ते आणि फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. तेथील संग्रह मोलाचा आहे. परंतु जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेटवरील अनेक जुनी रिळे कायमची गेली, हेही विसरता येत नाही. आपल्याच जिल्ह्यात अरणगावजवळ मेहेराबाद आहे. मेहेरबाबांनी १९२५ पासून मौन पाळले होते. १९३२ पासूनची त्यांची चित्रणे अनुयायांनी शोधली, जपली आणि ती पाहुण्यांना दाखविली. तत्त्वज्ञान वेगळे असले तरी, संख्येने लहान असलेला समूह चिकाटीने काय करू शकतो, हे नगरकरांना दूर जाऊन पाहावे लागत नाही.

विहारांच्या पातळीवर पुढील गोष्टी करण्याजोग्या आहेत.

एक, शोध. १९९०-९१ च्या जन्मशताब्दी वर्षापासून जयंतीच्या मिरवणुका, धम्मपरिषदा, विहारांची उद्‌घाटने यांचे चित्रण लग्नाचे चित्रण करणाऱ्या स्थानिक व्हिडिओवाल्यांनी केले. त्या कॅसेट कपाटांतून पडून आहेत. चुंबकीय फीत काळाबरोबर खराब होते आणि ती चालविणारी यंत्रेही दुर्मिळ होत चालली आहेत. जुन्या ॲसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला तर ती कुजू लागली असे समजावे. अशी फिल्म घरच्या यंत्रावर चालवून पाहू नये, जाणकाराकडे द्यावी.

दोन, निदानपत्र. जुने दृश्य चार-पाच ज्येष्ठ उपासक-उपासिकांना एकत्र बसवून सावकाश दाखवावे, थांबवावे आणि विचारावे : हे ठिकाण कोणते, साल कोणते, ही व्यक्ती कोण? कोणी ओळखले त्याचे नाव, वय व गाव लिहावे. दोघांचे मत भिन्न असेल तर दोन्ही लिहावीत. बहुमताने इतिहास ठरवू नये. स्त्रियांची नोंद 'अमक्याची पत्नी' अशी न करता त्यांच्या स्वतःच्या नावाने करावी. सांगणाऱ्याचा आवाजही ध्वनिमुद्रित करावा, मात्र त्याच्या संमतीनेच.

तीन, नावे. जुनी व नवी अशी दोन्ही नावे नोंदवावीत. उद्याचा संशोधक अहिल्यानगर शोधेल आणि कागद अहमदनगरचा असेल. श्रीरामपूरचे रेल्वेस्थानक बेलापूर या नावाने ओळखले जाते. अकोले तालुका आणि विदर्भातील अकोला यांची गल्लत तर नेहमीचीच. अशा लहान चुकांनी मोठा पुरावा हरवतो.

चार, प्रती. मूळ चित्रणाला कात्री लावू नये. त्याच्या किमान तीन प्रती तीन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. गाणे घालून, नावे टाकून केलेली आवृत्ती वेगळी असावी आणि तिच्यावर तसे स्पष्ट लिहावे. अभिनीत दृश्य असेल तर ते अभिनीत आहे, अशी सूचना पडद्यावर यावी.

पाच, परत देणे. जमविलेले चित्रण ज्या गावाचे आहे त्या गावी नेऊन दाखवावे. गावाने पाहिल्यावर आणखी नावे निघतात, चुका दुरुस्त होतात, आणि मुलांना आपल्या पणजीचा चेहरा प्रथमच दिसतो.

६ डिसेंबरनंतर दहा दिवसांनी १६ डिसेंबर येतो. महापरिनिर्वाणदिनी अंत्ययात्रेची चित्रफीत दाखविण्याची प्रथा आपण चालू ठेवावीच. तिला जोडून, हरेगाव परिषदेच्या दिवशी श्रीरामपूर, राहुरी, नेवासे, अकोले अशा तालुक्यांतील विहारांनी त्या चित्रफितीपुढे आपल्या ज्येष्ठांना बसवावे आणि वही उघडून विचारावे की तुम्ही त्या दिवशी कोठे होतात, तुमच्याबरोबर कोण होते. राजगृहात महाकस्सपांनी याच रीतीने प्रश्न विचारले होते. उत्तर देणारे आज आपल्यात आहेत. त्यांच्याकडे जाण्यास पुढच्या डिसेंबरची वाट पाहण्याचेही कारण नाही.